जंगलातले भाऊ आणि रात्रीची भाकर (लिथुआनिया, १९४४ ते १९५३)

टपरीवरचा_चहा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहू लिहू म्हणत दीड वर्ष ढकललं, आज बाहेर उणे चौदा आहे आणि कुठं जाता येत नाही म्हणून बसलोय एकदाचा. मोबाईलवरून टायपतोय, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

कामानिमित्त विल्निअसला, म्हणजे लिथुआनियाच्या राजधानीत, असतो. ऑफिसच्या वाटेवर गेदिमिनास रस्त्यावर एक करडी दणकट इमारत लागते, तिच्या भिंतीच्या खालच्या दगडांवर नावं कोरलीत. पहिले काही महिने मला वाटायचं देणगीदारांची असतील, आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशी. मग एक दिवस थांबून नीट वाचलं तर प्रत्येक नावापुढं दोन सालं, आणि दुसरं साल बहुतेकांचं १९४५, १९४६. वजाबाकी केली तर वय वीस, तेवीस, सव्वीस. ही केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, जुनी कचेरी, त्याआधी गेस्टापोची, त्याच्याही आधी झारच्या वेळचं कोर्ट. आता म्युझियम आहे, तळघरात कोठड्या आणि गोळी घालायची खोली तशीच ठेवलीय.

आपण शाळेत काय शिकलो, मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं, धडा संपला, खालील प्रश्नांची उत्तरे द्या. इथं तसं नाही झालं. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १४ जून १९४१ ला हजारो माणसं गुरांच्या डब्यात भरून सायबेरियाकडं पाठवली, आठवड्यातच जर्मन आले ते तीन वर्षं राहिले, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात परत रशियन. आल्या आल्या त्यांनी तरण्या पोरांची लाल सैन्यात भरती सुरू केली आणि पोरं रानात पळाली. शेतकऱ्यांची पोरं, मास्तर, कॉलेजातले, जुन्या लिथुआनियन सैन्यातले अधिकारी. त्यांना म्हणतात 'मिश्को ब्रोलियाय', जंगलातले भाऊ. एस्टोनिया लाटवियातही होते पण इथं सगळ्यात जास्त, १९४५ मध्ये जोर होता तेव्हा तीसेक हजार. सगळं आटपेपर्यंत वीस हजारांवर मारले गेले. एवढ्याशा देशात.

सुरुवातीला मोठाल्या टोळ्या होत्या, शंभर दोनशेच्या, जुने युनिफॉर्म घालून समोरासमोर लढायच्या आणि तशाच मरायच्या. वर्षा दोन वर्षांत कळलं की हे परवडणारं नाही, मग तीन ते पाच जणांचे गट झाले आणि सगळे जमिनीखाली गेले. शब्दशः खाली. गोठ्याखाली, चुलीखाली, विहिरीच्या आतल्या भिंतीत तोंड असलेले खड्डे. त्यांना बंकर म्हणतात, पण बंकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर सिमेंट येतं, हे म्हणजे लाकडी ओंडके लावलेला बळद समजा.

मिनाइचियाइ गावातला एक बंकर आता परत बांधून ठेवलाय, धान्याच्या कोठाराखाली. मी आत उतरून आलोय. उतरल्यावर पाच मिनिटांत माझा चष्मा धुकटला आणि पाठीला ओल लागली, आणि मी उन्हाळ्यात गेलो होतो बरं का. हे लोक हिवाळेच्या हिवाळे असे काढायचे कारण बर्फावर पाऊल उमटतं, बाहेर पडणंच बंद. हवा कमी झाली की मेणबत्ती आपोआप विझायची. खोदताना निघालेली माती रातोरात नदीत टाकायची, नाहीतर अंगणात नवी माती दिसली की संपलं. याच गावात फेब्रुवारी १९४९ मध्ये आठ जण जमले आणि १६ तारखेला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, जाहीरनाम्यावर सह्या केल्या की आम्ही या देशाचं कायदेशीर नेतृत्व आहोत. आठच्या आठ मारले गेले, शेवटचा १९५७ मध्ये. १९९९ मध्ये इथल्या संसदेनं तो जाहीरनामा देशाचा कायदेशीर दस्तऐवज म्हणून मान्य केला.

आता माझा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं रामायण. आपण गनिमी लढाई म्हटलं की जंगल, डोंगर, बंदुका असं बघतो. मला इथं फिरून असं वाटायला लागलंय की ही सगळी लढाई भाकरीवर उभी होती आणि भाकरीवरच मोडली. रानातल्या पाच माणसांना रोज खायला लागतं. ते देणारं घर पाहिजे, त्या घरात स्वतःचं पीठ पाहिजे, स्वतःचं डुक्कर पाहिजे, आणि ते कुणाला विचारल्याशिवाय कापता आलं पाहिजे. सोव्हिएतना हे तीन चार वर्षांनी कळलं. मे १९४८ मध्ये चाळीसेक हजार लोक लिथुआनियातून हलवले, आणि मार्च १९४९ मध्ये चार दिवसांत तिन्ही बाल्टिक देशांतून नव्वद हजारांवर, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. जे मागं राहिले ते मुकाट्यानं सामुदायिक शेतीत शिरले. शेजारच्या एस्टोनियात त्या एका महिन्यात सामुदायिक शेतीतली घरं ८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेली. एका महिन्यात! पीठ सरकारचं झालं, डुक्कर मोजलेलं झालं, रात्री दारावर टकटक झाली तर द्यायला काही उरलंच नाही.

बास, बोटं गारठली. बाकी प्रतिसादात.

उंडगा_पक्या

भारी लिहिलंय राव. पण हा तर आपला गनिमी कावाच झाला की. महाराजांनी तीनशे वर्षं आधी करून दाखवलं.

हिशेबनीस

पक्या, आलास का ठरलेल्या वळणावर :) गनिमी काव्याला पाठीशी किल्ले होते, खजिना होता, आणि पुढं राज्य झालं. इथं किल्ला नाही, दारूगोळा यायचा मार्ग नाही, सीमेपलीकडं मित्र नाही. पोलंडमध्येही सोव्हिएत वर्चस्वच, समोर समुद्र. युगोस्लाव्हियात टिटोच्या पार्टिझनांना, म्हणजे गनिमी लढवय्यांना, १९४३ नंतर इंग्रजांची विमानं माल टाकत होती, ग्रीसच्या कम्युनिस्टांना युगोस्लाव्ह सीमा होती आणि जुलै १९४९ मध्ये टिटोनं ती बंद केली तर पुढच्याच महिन्यात ग्रामोसच्या डोंगरात त्यांचा खेळ संपला. ह्यांना पहिल्या दिवसापासून सीमा बंद. तरी नऊ वर्षं. तुलना करायचीच तर ती करा.

धागाकर्ते, भाकरीचा मुद्दा पटला पण अर्धाच. भाकर बंद झाली म्हणून मोडले की फितुरीनं मोडले?

टपरीवरचा_चहा

@हिशेबनीस, दोन्ही एकच आहे असं म्हणेन. सांगतो कसं.

पकडलेल्या काही जणांना आपल्या बाजूला फिरवून सोव्हिएत गुप्त पोलिसांनी नकली टोळ्या उभ्या केल्या. तेच कपडे, तीच भाषा, तीच गाणी. रात्री शेतकऱ्याच्या दारात, 'आई, आम्ही जंगलातले, काहीतरी खायला द्या.' दिलं तर सकाळी खरे पोलीस येणार. नाही दिलं आणि ते खरेच असले तर? आपल्याच पोरांना उपाशी परत पाठवलं. विचार करा, दारावर टकटक होते आणि तुम्हाला अर्ध्या मिनिटात ठरवायचंय. काही ठिकाणी तर घरातल्याच माणसाला धरून त्याच्याकरवी खाण्यापिण्यात झोपेचं औषध घालायचे. म्हणजे ज्या ताटावर विश्वास तेच ताट संपवलं.

आणि घरात राहिलेल्यांचे हाल वेगळेच. मारलेल्यांची प्रेतं गावच्या चौकात टाकून ठेवायचे, कधी दिवसचे दिवस, आणि जवळ माणसं उभी करायचे की बघा कोण रडतं. ओळख पटली की कुटुंब सायबेरियाला. आया आपल्या पोरावरून नजर न हलवता चालत जायच्या, बाजाराला निघाल्यासारख्या. म्हणून घेरले गेलेले लोक शेवटी ग्रेनेड तोंडाशी धरून फोडायचे, चेहराच राहू नये.

शेवंती_के

हे वाचून थांबावं लागलं. चौकातून न रडता जाणारी आई. बाकी बंदुका बिंदुका ठीक आहे पण हे डोक्यातून जाणार नाही आज.

बायकांबद्दल लिहा ना अजून. एवढी स्वयंपाकघरावर लढाई म्हणताय तर ते स्वयंपाकघर कोण चालवत होतं ते येऊद्या.

कोकणी_मासा

माफ करा पण जरा पाणी घालतो. ह्यातले बरेच 'भाऊ' १९४१ मध्ये काय करत होते तेही लिहा. लिथुआनियातले पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास ज्यू मारले गेले, दोन लाखांच्या घरात, आणि ते सगळं जर्मनांनी एकट्यानं नाही केलं. स्थानिक पोलीस, स्थानिक बंदूकवाले होते. तेच लोक ४४ नंतर रानात शिरले आणि आता स्वातंत्र्यवीर? पश्चिमेला रशियाविरुद्ध काहीही चालतं.

उंडगा_पक्या

झालं, आला रशियाचा वकील. 🍿

टपरीवरचा_चहा

पक्या, नको. मासा बरोबर बोलतोय, निदान पहिल्या अर्ध्यात. मी मूळ लेखात हे टाळलं ती माझी चूक.

जून १९४१ मध्ये जर्मन येताना इथं सोव्हिएतांविरुद्ध उठाव झाला आणि त्याच आठवड्यांत ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या, स्थानिकांच्या हातून. विल्निअसजवळ पानेरियाइच्या जंगलात त्या कत्तलींचे खड्डे आहेत, तिथं मी जाऊन आलोय, त्यावर लिहायची माझी तयारी नाही. आणि हो, पुढं जंगलात गेलेल्यांत अशी माणसं होती. सगळ्यात गाजलेलं प्रकरण योनास नोरेइकाचं. सोव्हिएतविरोधी भूमिगत संघटना उभारली म्हणून १९४७ मध्ये गोळी घातली, त्याची पाटी विल्निअसमध्ये लावली होती, पण हाच माणूस जर्मनांच्या वेळी शियाउलियाइचा जिल्हाप्रमुख असताना ज्यूंना घेट्टोत, म्हणजे कोंडून ठेवायच्या वस्तीत, डांबायच्या आदेशांवर सही करणारा. २०१९ मध्ये महापौरांनी पाटी काढली, लोकांनी परत लावली. अजून भांडतायत.

पण तीस हजारांतले सगळे तेच होते असं नाही. १९४८ मध्ये रानात गेलेलं विशीतलं पोरगं १९४१ मध्ये शाळेत होतं. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की आम्हाला दोन यादी कराव्या लागतात आणि काही नावं दोन्हीत येतात, तिथं आमची जीभ अडते. मला हे प्रामाणिक वाटलं.

अजून एक. ह्याच जंगलांत आधी दुसरे पार्टिझन होते, ज्यू. विल्ना घेट्टोतून सप्टेंबर १९४३ मध्ये आब्बा कोवनेर आणि त्याचे साथीदार गटारातून निसटले आणि रूद्निंकाइच्या रानात जाऊन जर्मनांशी लढले, सोव्हिएत पार्टिझनांच्या जोडीनं. त्यांनाही भाकर शेतकऱ्याकडूनच आणावी लागायची, पण त्यांना कुणी प्रेमानं देत नव्हतं, बंदूक दाखवून घ्यावी लागायची. म्हणून एका गावाच्या आठवणीत ते दरोडेखोर आणि दुसऱ्याच्या आठवणीत वीर. तेच रान, तीच भाकर.

कोकणी_मासा

एवढं मान्य केलंत ते बरं केलंत. पण जंगलातल्या भावांनी साध्या नागरिकांनाही मारलं हेही लिहा. सामुदायिक शेतीचा चेअरमन झाला म्हणून मारला, बायको मुलांसकट.

टपरीवरचा_चहा

हो, मारलं. हजारोंच्या घरात. काही खरे खबरे होते, काही नुसते संशयाचे, काहींना फक्त सरकारनं दिलेली जमीन घेतली म्हणून. जसजसे ते एकाकी पडत गेले तसतसा संशय वाढत गेला, आणि जेवढं मारलं तेवढी दारं बंद झाली. ह्यावर माझी काही सफाई नाही.

बारक्या_फौजी

उशिरा आलो धाग्यावर. आपल्याकडचा धागा जोडतो, ओढूनताणून नाही, खरा आहे.

आमच्या शेजारच्या आळीतले एक आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, उत्तर आफ्रिकेत पकडले गेले आणि इटलीत कैदेत होते. आवेत्सानो म्हणून गाव आहे रोमच्या पूर्वेला, तिथं हिंदुस्थानी कैद्यांची छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शरणागती जाहीर केली, पहारेकरी पळाले आणि जर्मन यायच्या आत हे लोक डोंगरात. हिवाळा तोंडावर, अंगावर कैद्याचे कपडे, भाषा येत नाही, रंग लपत नाही. गोऱ्या कैद्याला शेतकऱ्याचे कपडे घातले की तो खपून जायचा, ह्यांचं काय. तरी अब्रुत्सोच्या गावातल्या लोकांनी गोठ्यात, गुहेत ठेवलं, सापडले तर घर जाळणार आणि गोळी घालणार हे माहीत असून.

आजोबा मरेपर्यंत पावाला 'पाने' म्हणायचे. आम्हा पोरांना वाटायचं म्हातारा विड्याची पानं मागतोय. पुढं कुणीतरी सांगितलं की इटालियनमध्ये पावाला पाने म्हणतात. सांगायचे, मक्याच्या कण्यांचं घट्ट पिठलं करून पाटावर ओतायचे आणि सगळे एका पाटाभोवती. तुमचा भाकरीचा मुद्दा वाचला आणि तो पाट आठवला.

आणि इटलीत लढलेल्या आपल्या लोकांबद्दल कुणाला माहीत नसेल तर, नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालंय. माणगावात पुतळा आहे, एसटीनं जाताना लक्ष ठेवा.

शेवंती_के

पाने!! 😭 फौजी, ह्यावर वेगळा धागा काढा, आग्रहाची विनंती.

हिशेबनीस

+१. आणि टपरी, एक शंका. नऊ वर्षं कशाच्या आशेवर? पंधरा वीस हजार मेल्यावर तरी कळलं असेल ना की जिंकणं नाही.

टपरीवरचा_चहा

आशा एकच, पश्चिमेकडून कुणीतरी येईल. १९४१ च्या अटलांटिक सनदेत प्रत्येक देशाला आपलं सरकार निवडायचा हक्क असं लिहिलं होतं, ते ह्यांनी वचन म्हणून धरलं. बंकरात रेडिओ ऐकायचे. वाटायचं येत्या वसंतात अमेरिका रशिया युद्ध होणार. मग पुढच्या वसंतात.

युओझास लुक्शाची गोष्ट ऐका. हा १९४७ च्या अखेरीस सोव्हिएत सीमा तोडून पश्चिमेत पोचला. तिथं जगाला सांगत फिरला की आमच्याकडं काय चाललंय. पॅरिसमध्ये एका लिथुआनियन मुलीच्या प्रेमात पडला, जुलै १९५० मध्ये लग्न केलं. राहिला असता तर आज नातवंडं असती. ऑक्टोबर १९५० मध्ये सीआयएच्या विमानातून पॅराशूटनं परत उतरला, इकडं. वर्षभरानं, ४ सप्टेंबर १९५१ ला, त्याच्यामागून पाठवलेल्या आणि पकडून फिरवलेल्या एका जुन्या साथीदारानं भेटायला बोलावलं आणि तिथं मारला गेला. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते तो परत उतरला तेव्हा.

इंग्रजांचं तर विचारू नका. त्यांची गुप्तहेर संघटना एमआय-६ जर्मन नौदलाच्या जुन्या वेगवान बोटी, जर्मन कप्तानासकट, कील बंदरातून सोडायची आणि रात्री किनाऱ्यावर माणसं उतरवायची. दाखवायचं काय तर मासेमारी संरक्षण. किनाऱ्यावर घ्यायला 'पार्टिझन' उभे, आणि ते बऱ्याचदा रशियन गुप्त पोलिसांचेच. लाटवियात तर अख्खी नकली टोळी जंगलात बसवली होती. वर्षानुवर्षं लंडन त्यांनाच पैसे, रेडिओ, माणसं पाठवत राहिलं.

उंडगा_पक्या

म्हणजे ओटीपी स्कॅमचा बाप 😂 सॉरी. पण शेवटचा माणूस कधी सापडला?

टपरीवरचा_चहा

संघटित लढाई १९५३ ला संपली. योनास झेमायतिस, त्यांचा सगळ्यात वरचा नेता, त्याला १९५१ च्या डिसेंबरात पक्षाघात झाला होता, बंकरातच झोपून होता, ३० मे १९५३ ला धरला. पुढच्या वर्षी मॉस्कोत गोळी घातली.

पण सुटे सुटे राहिलेच. एस्टोनियात आउगुस्त साब्बे म्हणून होता, १९७८ मध्ये, १९७८! आणीबाणी उठून गेली होती आपल्याकडं, तेव्हा केजीबीची माणसं मासे पकडायच्या निमित्तानं नदीकाठी त्याच्यापर्यंत पोचली. वय ६९. झटापटीत नदीत गेला आणि तिथंच बुडाला. इथं लिथुआनियात स्तासिस गुइगा नावाचा एक जण ओळखीच्या बाईच्या घरात तीस वर्षांवर लपून राहिला आणि १९८६ मध्ये तिथंच मेला. गोर्बाचोव्ह आला होता तोवर. त्या बाईनं तीस वर्षं दोन माणसांचा स्वयंपाक करून एकीचाच दाखवला.

शेवंतीताई, तुम्ही विचारलं होतंत ना स्वयंपाकघर कोण चालवत होतं.

शेवंती_के

वाचलं. दोनदा.

कोकणी_मासा

विषयांतर करतो, लिथुआनियन भाषा संस्कृतच्या जवळची म्हणतात ते खरं का? म्हणजे मिश्को 'ब्रोलियाय' मधला ब्रोलिस म्हणजे भ्राता?

टपरीवरचा_चहा

तू विषयांतर करशील आणि ते बरोबर निघेल असं वाटलं नव्हतं :) हो, ब्रोलिस आणि भ्राता एकच. सूनुस म्हणजे मुलगा, आपला सूनु. दूमाइ म्हणजे धूर, धूम. दूमाइ दिसू नये म्हणून बंकरात दिवसा चूल पेटवायचे नाहीत. आणि इथली काळी राईची भाकर, तिला 'दुओना' म्हणतात, तो शब्द आपल्या धाना, धान्य ह्यांचा चुलतभाऊ.

मागच्या नाताळात त्या सहकाऱ्याच्या गावी गेलो होतो. त्याची आजी नव्वदीची, तिच्या लहानपणी त्यांच्या घरी रात्रीचे लोक यायचे. दुभाषी नातू, त्यामुळं तुटक तुटकच कळलं. तिला नावं एकही माहीत नाहीत, मुद्दाम सांगायचेच नाहीत पोरांना. लक्षात काय राहिलंय तर आई आठवड्याला जास्तीचं पीठ मळायची आणि त्या दिवशी हिला शेजारी खेळायला जायला बंदी, कारण कुणी विचारलं आज किती भाकऱ्या भाजल्या तर पोरगी खरं बोलेल. बोलता बोलता माझ्या हातून दुओनाचा तुकडा खाली पडला. म्हातारी उठली, तो उचलला, त्याची पापी घेतली आणि परत माझ्या ताटात ठेवला. मी सवयीनं कपाळाला हात लावला. ती नातवाला काहीतरी म्हणाली, तो हसला, मला सांगितलं नाही त्यानं.

बारक्या_फौजी

वेगळा धागा काढतो इटलीचा, आजोबांची पेन्शनची कागदं चुलत्याकडं आहेत, रविवारी जाऊन बघतो.